राजनंदिनीचा दम

राजनंदिनी जाधवला खोकल्यातून रक्त पडतंय, हे कस्तुरी शिंत्रेला तिच्या आईनं फोनवर सांगितलं. कस्तुरीच्या मनात सगळ्यात आधी आलं ते दुःख नव्हतं, काळजीही नव्हती. आईच्या आवाजातला कढ ऐकून तिला वाटलं, मला कावीळ झाली होती तेव्हा ही एवढी हलली नव्हती.

"तुझ्याच दवाखान्यात येणार हाय म्हणं ती," आई म्हणाली. "नीट बघ गं तिच्याकडं. लेकीगत वाढलीया आपल्या घरात."

"बघायला डॉक्टर आहेत, आई. मी मशीन चालवते."

"मग मशीन नीट चालीव."

आईनं फोन ठेवला. मिरजेतल्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, आपल्या खोलीत, कस्तुरीनं स्क्रीन चालू केला आणि यादीत राजनंदिनीचं नाव शोधलं.

दोघी पलूसच्या. एकाच मंडळाच्या मैदानावर दोघींनी गुडघे फोडून घेतले, कबड्डीत दोघी चढाई करणाऱ्या, दोघी डाव्या बाजूच्या. राजनंदिनीला आई नव्हती, म्हणून सरावानंतर ती कस्तुरीच्याच घरी जेवायची. वाद नको म्हणून कस्तुरीची आई भाकरी मधोमध मोडायची, आणि तरी कस्तुरीला वाटायचं, मोठा तुकडा पलीकडे गेला.

राज्याच्या संघात त्या बाजूची एकच जागा होती. निवडीच्या दिवशी दोघींनी सारखेच गडी मारले. मग निवड समितीनं एक यंत्र पुढे केलं. नळीत जोरात फुंकायचं आणि फुप्फुसात किती हवा मावते ते आकड्यात बघायचं. कस्तुरीचा दम चांगला होता. राजनंदिनीचा अफाट होता. जागा राजनंदिनीला मिळाली.

अन्याय झाला असता तर कस्तुरीनं तो चार लोकांना सांगितला असता, समितीला शिव्या घातल्या असत्या आणि हलकी झाली असती. पण अन्याय झालाच नव्हता. ती पोरगी खरोखरच सरस होती. याला औषध नसतं.

कस्तुरीनं मैदान सोडलं, इंजिनिअर झाली, मिरजेत आली. राजनंदिनी भारताची कर्णधार झाली. आता दोघी चौतिशीच्या होत्या. मिरजेच्या चौकाचौकात जाहिरातीच्या फलकांवर राजनंदिनी दुधाचा पेला हातात धरून हसत उभी होती आणि कस्तुरीला रोज कामावर जाताना त्या हसण्याखालून जावं लागायचं.

*

राजनंदिनीला जो आजार झाला होता त्याचं डॉक्टर लोक एक लांबलचक लॅटिन नाव घेत. बाकी सगळे त्याला सांडगाठ म्हणत. गेल्या काही वर्षांतच तो ओळखीचा झाला होता. श्वासनळीच्या एखाद्या फांदीत बिघडलेल्या पेशींची बारीक गाठ रुजते, आणि आत घेतलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या पेशी खालच्या फांद्यांमध्ये सांडत जातात. वर आलेल्या पेशी कफाबरोबर बाहेर पडतात. खाली गेलेल्या मात्र तिथंच रुजतात. म्हणून उपाय एकच, मूळ गाठ जिथं असेल तिथून खालचा सगळा भाग कापून काढायचा. गाठ वर असेल तर फुप्फुसाचा मोठा तुकडा जातो, खोल असेल तर नखाएवढा.

बाहेरून काढलेल्या फोटोत नुसतं धुकं दिसायचं. मूळ कुठं ते कळत नसे. ते शोधायचं काम कस्तुरीच्या मशीनचं.

तपासणीच्या आदल्या दिवशी राजनंदिनी आली तेव्हा नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे दारात जमले. कस्तुरी तिसऱ्या मजल्यावरच थांबली. राजनंदिनीच वर आली.

"कस्तुरे!" तिनं दारातूनच हाक मारली. सांगलीकडच्या कित्येक पोरींसारखी ती स्वतःबद्दल पोरासारखं बोलायची, आणि कर्णधार झाल्यावरही तिनं ते सोडलं नव्हतं. "जिना चढून आलो बघ. धाप लागली. मला! हसशील तू."

कस्तुरी हसली नाही. "बस," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या चित्राकडे वळली. "उद्या काय होणार ते सांगते. श्वासनळी म्हणजे उलटं झाड असतं. गळ्याखाली खोड, त्याला दोन फांद्या, त्यांना आणखी फांद्या. अशी वीस-बावीस वेळा फूट होते. आम्ही तुला एक वाफ हुंगायला देणार. त्या वाफेत परागकणाएवढी यंत्रं असतात. आम्ही त्यांना धूलिका म्हणतो. त्या नळीच्या भिंतीला चिकटतात, तिथल्या पेशींची चव घेतात आणि तुझ्या अंगात घालायच्या जाकिटाला कळवतात. चव चांगली असेल तर पडद्यावर ती फांदी हिरवी, वाईट असेल तर लाल."

"आणि समद्या फांद्या कशा बघणार? हजारो असतील."

"रांग लावून. ओपीडीत नंबर लावतात तशी. रांगेत पहिली उभी असेल ती फांदी तपासायची. ती झाली की तिच्या पोटच्या फांद्या रांगेच्या शेवटी उभ्या करायच्या. मग पुढची घ्यायची. असं केलं की वरची पातळी पूर्ण झाल्याशिवाय खालच्या पातळीतल्या कुणाचा नंबरच लागत नाही. दुसरी पद्धतही आहे. एकाच फांदीतून थेट टोकापर्यंत शिरायचं, मग मागं येऊन दुसरी धरायची. पण मधेच धूलिका संपल्या तर एका फांदीची खडानखडा माहिती असते आणि शेजारच्या फांदीचं काहीच माहीत नसतं."

"म्हंजे आधी पहिलीच्या वर्गाची हजेरी, ती झाली की दुसरीची," राजनंदिनी म्हणाली. "आणि ज्या वर्गात पहिल्यांदा खोडकर पोरगं सापडंल, तितनंच खोड लागलीया."

हेच समजावायला कस्तुरीला रुग्णालयाच्या डॉक्टरांपुढे दोन दिवस भाषण द्यावं लागलं होतं. हिला एका वाक्यात कळलं. छातीत काहीतरी जुनं, ओळखीचं टोचलं.

"उद्या मशीन माझा सहकारी भोसले चालवेल," ती म्हणाली. "तो माझ्यापेक्षा शांत आहे."

"न्हाई. तूच चालीव."

"का?"

"मला तूच पायजेस," राजनंदिनी म्हणाली. तिनं कारण दिलं नाही आणि ती उठली. दारात तिला कस्तुरीची आई भेटली. पलूसहून एसटीनं आलेली, हातात डबा.

"धपाटी आणल्यात गं राजे," आई म्हणाली. मग लेकीकडे बघून तिनं घाईघाईनं जोडलं, "तुझ्यासाठी पण दोन ठेवल्यात."

*

सकाळी डॉक्टर फैयाज मुजावर आले. साठीला टेकलेले, कमी बोलणारे. राजनंदिनी औषधानं झोपली होती, अंगात ते जाड जाकीट, तोंडावर मास्क. वाफ आत गेली. कस्तुरीनं रांग सुरू केली.

पडद्यावर खोड उगवलं. हिरवं. मग दोन फांद्या, हिरव्या. आणि ते रुंद, सरळ, देखणे मार्ग बघून कस्तुरीचे हात क्षणभर थांबले.

हा प्रोग्राम लिहिताना तिनं सगळ्यात आधी आपल्याच छातीवर चाचणी घेतली होती. आपलं झाड तिला पाठ होतं, कुठं वळतं, कुठं चिंचोळं होतं. हे झाड त्याच्या दीडपट होतं. सतरा-अठरा वर्षं तिनं जो दम मैदानाबाहेरून, टीव्हीवरून फक्त ऐकला होता, तो कशाचा बनलाय हे आज तिच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं. मेहनत तिनंही केली होती. पण हे मेहनतीचं नव्हतं. हे कुणीतरी या बाईला जन्मतःच देऊन टाकलं होतं.

तिसरी पातळी सुरू झाली. फुप्फुसाची दोन्हीकडची मोठी दालनं. एक, दोन, तीन हिरवी. उजव्या बाजूच्या खालच्या दालनाच्या तोंडाशी पडदा पिवळा झाला.

"पिवळं," मुजावर म्हणाले.

पिवळं म्हणजे संशय. वाईट चव, पण पुसट. मूळ गाठ तिथंच असू शकत होती, नाहीतर खालून वाहून आलेला कफ तिथं लागून गेला असू शकत होता. नियम स्पष्ट होता. संशय म्हणजे लाल समजायचं, थांबायचं आणि तिथून खालचं सगळं कापायचं. तो नियम कस्तुरीनंच लिहिला होता, रुग्णाचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून.

इथं थांबलं तर उजवं खालचं दालन पूर्ण जाणार, म्हणजे जवळजवळ पाव दम. राजनंदिनी जगली असती. जिने चढली असती, पोरांना शिकवलं असतं, सत्कार घेतले असते. मध्यरेषा ओलांडून परत कधी गेली नसती. आणि कुणी कस्तुरीकडे बोट दाखवलं नसतं. उलट आईनं तिला जवळ घेतलं असतं.

कस्तुरीला बरं वाटलं.

ते बरं वाटणं इतकं साफ, इतकं गार होतं, की तिला आधी ते ओळखूच आलं नाही. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. मग ते कशाचं आहे हे कळलं आणि तिच्या मानेवर घाम आला.

"थांबायचं?" मुजावरांनी विचारलं. "पुढं गेलीस तर धूलिका खर्च होणार. कापायची सीमा आखायला त्याच लागतात. संपल्या तर पुढची वाफ महिन्यानं, आणि तोवर गाठ आणखी सांडेल. तुझं मत काय?"

"नियम म्हणतो, थांबा."

"नियम काय म्हणतो ते मला वाचता येतं, कस्तुरी. तू सांग."

कस्तुरीनं पडद्यावरची नजर काढली नाही. "सर, माझं मत घेऊ नका," ती म्हणाली. "ही बाई मला आवडत नाही. लहानपणापासून नाही. आत्ता इथं थांबावं असं मला वाटतंय, आणि ते कशामुळे वाटतंय ते मला सांगता येत नाही. काळजीनं असेल. जळफळाटानंही असेल. पुढं जावं म्हटलं तर वाटतं, आपण किती चांगल्या आहोत हे स्वतःलाच दाखवायला हिचा जीव पणाला लावतेय. माझं काहीच धरू नका तुम्ही."

मुजावरांनी चष्मा काढला, कपड्याला पुसला, परत घातला. त्यांना धक्का बसलेला दिसला नाही.

"झालं बोलून?" ते म्हणाले. "मला तुझ्या मनातलं नकोय. झाडातलं सांग. गाठ इथंच असेल तर खाली काय दिसेल?"

"या दालनाला पाच फांद्या आहेत. गाठ इथं असेल तर पाचही फांद्यांत सांडलेली असणार. पाचही लाल किंवा पिवळ्या."

"आणि वाहून आलेलं असेल तर?"

"तर एकाच फांदीत माग दिसेल. ज्या वाटेनं कफ वर आला त्या वाटेवर."

"म्हणजे पाच फांद्या बघितल्या की कळेल."

"हो."

"पाच फांद्यांपुरत्या धूलिका आहेत?"

"आहेत."

"मग त्यात तुझी मैत्रीण कोण आणि वैरीण कोण, याचा संबंध कुठं आला? बघ पुढं."

तिनं रांग पुढे सरकवली. आधी बाकीच्या दालनांच्या फांद्यांचा नंबर होता. त्या हिरव्या झाल्या. मग त्या पाच आल्या. पहिली हिरवी. दुसरी हिरवी. तिसरी पिवळी, पुसट. चौथी हिरवी. पाचवी हिरवी.

"वाहून आलंय," कस्तुरी म्हणाली. आवाज कोरडा होता. मनात कुठंतरी आता काहीतरी हातातून निसटल्याचं दुःख होतं. तेही तिनं ओळखलं आणि बाजूला ठेवलं.

पाचवी पातळी, सहावी, सातवी. रांग लांबत गेली. प्रत्येक फांदी आपल्या पोरांना रांगेच्या शेपटाला उभं करून मोकळी होत होती. पिवळा माग एकेका फांदीतून खाली खाली जात होता. आणि आठव्या पातळीवर तो नाहीसा झाला. सगळं हिरवं.

मुजावर पुढे वाकले. "कुठं गेला?"

"कफ सलग वाहत नाही, सर. ठिपक्याठिपक्यांनी येतो. खाली असणार."

"सीमा आखण्यापुरत्याच उरल्यात आता. थोड्याशा वर."

कस्तुरीला मोह झाला. रांग मोडावी. शेवटचा पिवळा ठिपका जिथं दिसला त्याच फांदीत सरळ मुसंडी मारावी, टोकापर्यंत. सापडलं तर झटक्यात सापडेल आणि मीच शोधलं असं होईल. राजनंदिनीच्या झाडात शिरून राजनंदिनीसारखी चढाई. पण मुसंडीत नेमकं मूळ मागं राहिलं आणि खालचंच कुठलं तरी सांडलेलं बी हाती लागलं, तर कापायचं चुकीच्या जागी. तिनं हात आवरला.

"नववी पातळी," ती म्हणाली. "फक्त याच दालनापुरती. रांगेनंच. तिथं नाही सापडलं तर दालन काढा. माझं हे मत आहे, सर. आता धरा."

मुजावरांनी मान हलवली.

हिरवी. हिरवी. हिरवी. कस्तुरी मोजत नव्हती. फक्त बघत होती, जसं तिनं या बाईच्या प्रत्येक चढाईकडे बघितलं होतं, कुठं पाय चुकतो याची वाट बघत. मग एक फांदी लालभडक झाली, कुंकवाचा करंडा सांडावा तशी.

"हीच," ती म्हणाली. "सीमा आखते."

धूलिका त्या फांदीच्या वर गोळा झाल्या, तिच्याभोवती कडं केलं आणि संपल्या. मुजावरांनी तिच्या खांद्यावर दोन वेळा थोपटलं आणि ते हात धुवायला गेले. सुपारीएवढा तुकडा काढायचा होता. दम तसाच राहणार होता.

कस्तुरी कँटीनमध्ये गेली. तिनं चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत ती रागानं रडत राहिली. परत दिलं तिला, एवढंच तिच्या मनात येत होतं. माझ्या हातात आलं होतं आणि मी परत दिलं.

*

चार दिवसांनी राजनंदिनीनं निरोप पाठवला. कस्तुरी गेली तेव्हा आई उशाशी बसून डाळिंब सोलत होती.

"मावशी, चहा आणता का?" राजनंदिनी म्हणाली. आई गेली. राजनंदिनी जरा सावरून बसली. "मुजावर सर म्हणले, तिसऱ्या वर्गातच पिवळं दिसलं हुतं. थांबली असतीस तर चाललं असतं म्हणं."

"हो."

"मी असतो तर थांबलो असतो." राजनंदिनी तिच्याकडे सरळ बघत होती. "तुझी छाती असती आणि मशीन माझ्या हातात, तर तितंच थांबलो असतो, कस्तुरे. नियमच तसा हाय म्हणून सांगितलं असतं. झोप पण लागली असती."

"तुला माझ्याशी कसली स्पर्धा? तुझं नाव चौकाचौकात आहे."

"नाव हाय. घरला जाऊन भाकरी कुणाच्या ताटात पडती? तुझ्या. शाळंत असताना जेवून निघालो की उंबऱ्यात उभारून ऐकायचो, तुझी आई तुला काय बोलती. शिव्याच घालायची बहुतेक. पण मला कधी शिवी घातली न्हाई तिनं. पावण्यागत वागवलं."

"म्हणून मला बोलावलंस? मशीन चालवायला?"

"न्हाई. तुला माझा राग येतो म्हणून. भोसले माझा चाहता. सही घिऊन गेला पहिल्याच दिवशी. चाहत्याला समदं चांगलंच दिसतंय. वैऱ्याइतकं बारीक कोण बघतं गं?"

कस्तुरीला त्या क्षणी तिचा जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता. मनातली घाण कबूल करण्यातही ही पुढं गेली. मुजावरांपुढे आपण कसंबसं, घाम फुटत जे बोललो, ते ही डाळिंबाचे दाणे खात बोलून मोकळी झाली.

"मैदानावर परत येशील तेव्हा तुझी पकड व्हावी असंच मला वाटणार," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी."

"वाटू दे की," राजनंदिनी म्हणाली. "मोठ्यानं वाटू दे."

*

आठ महिन्यांनी पुण्यात राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत होती, महाराष्ट्र विरुद्ध हरियाणा. राजनंदिनीनं दोन पास पाठवले. आईला मागची खुर्ची चालणार नव्हती, म्हणून दोघी पहिल्या रांगेत बसल्या. पाच हजार माणसं एका सुरात राजनंदिनीच्या नावानं ओरडत होती.

उत्तरार्धात राजनंदिनी चढाईला निघाली. मध्यरेषा ओलांडली आणि तो जुना, अखंड, खर्जातला दम सुरू झाला, कबड्डी-कबड्डी-कबड्डी, कुठंही न तुटणारा. लोक उठून उभे राहिले. कस्तुरीही उठली.

"उजवा कोपरा!" ती हरियाणाच्या पोरींना ओरडली. "अगं उजवा कोपरा, झोपलीस काय! पाय धर तिचा! डावा पाय! मागं जाणार ती आता, वाट अडवा!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. हरियाणाच्या कोपऱ्यातल्या पोरीला मराठी येत नव्हतं, पण हातवारे कळत होते. ती एक पाऊल आत सरकली, बरोबर तिथंच, जिथं राजनंदिनीला वाट हवी होती.

"गप की गं," आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. "लोकं बघत्यात. लाज हाय का तुला?"

"बघू देत! धरा तिला! धरा!"

राजनंदिनीनं तो आवाज ऐकला. पाच हजारांतून तेवढाच ऐकला. तिनं मान वळवली, पहिल्या रांगेत हात हलवत बोंबलणारी कस्तुरी तिला दिसली आणि तिला हसू फुटलं. हसताना दम तुटला. पंचांची शिट्टी वाजली. एकाही हाताचा स्पर्श न होता भारताची कर्णधार बाद झाली होती.

मग कस्तुरी एकटीच टाळ्या वाजवू लागली, जोरजोरात, तळवे लाल होईपर्यंत. मैदानाबाहेर बसलेली राजनंदिनी टॉवेलात तोंड खुपसून हसत होती.

महाराष्ट्र शेवटी सामना जिंकला. पण आई परतीच्या वाटेवर कराडपर्यंत कस्तुरीशी एक शब्द बोलली नाही. गाडी स्टँडवर थांबली, शेंगावाला खिडकीशी आला, तेव्हा कुठं ती म्हणाली, "तिला फोन तरी कर. जिंकल्याबद्दल."

"मी का करू?" कस्तुरी शेंगांची पुडी घेत म्हणाली. "बाद ती झालीय. तिला करू दे."